नाव विचारलं म्हणून

आमच्या घरात खालच्या मजल्यावर मेलेली माणसं असायची आणि वरच्या मजल्यावर आम्ही. लहानपणी मला यात काही वेगळं वाटत नसे. इतर मुलींच्या घराखाली किराण्याचं दुकान असे, न्हाव्याचं दुकान असे. आमच्या खाली डॅडींचं अंत्यविधीचं दुकान होतं. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं: 'एल. क्रचर'. आता ती पाटी नाही, ते घर नाही, ती गल्लीसुद्धा नाही. ओहायो नदीकडे जाणारा मोठा रस्ता तिच्यावरून गेला. पण डोळे मिटले की जिन्यापर्यंत चढून येणारा तो वास अजून येतो, औषधाचा, फुलांचा आणि कुरळे केस सरळ करायच्या आईच्या तापवलेल्या लोखंडी कंगव्याचा. बायकांचे केस आई करायची. मेलेल्यांचे, आणि शनिवारी सकाळी मागच्या दारानं येणाऱ्या जिवंत बायकांचेही. कंगवे मात्र वेगळे. तरी आमच्या चर्चमधली शेजारीण, सिस्टर रोझेटा, दर शनिवारी आईला विचारायची, "आयडेला, हा नक्की आमचाच ना गं?"

डॅडींचा एक नियम होता. नाव कळल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही. आणि नाव म्हणजे पूर्ण नाव, पुढे मिस्टर किंवा मिसेस लावून. गोऱ्यांच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या साठीच्या बाईला त्यांचं शेंबडं पोर 'ए लूला' म्हणून हाक मारी. बँकेत डॅडींपेक्षा वीस वर्षांनी लहान कारकून त्यांना 'ल्यूशस' म्हणे, आणि डॅडी त्याला 'सर' म्हणत. "जन्मभर अरे-तुरे ऐकून आलीत ही माणसं," ते म्हणायचे. "इथं तरी अहो-जाहो होऊ दे." टेबलाशी उभं राहून ते हळू आवाजात सांगत, "मिसेस ग्रीनली, आता तुमचा हात जरा उचलतो हं." शाळा सुटल्यावर मी त्यांच्या हाताखाली काम करायची, त्यामुळे मलाही तसंच बोलायची सवय लागली.

आणि कोणी बेवारस असल्याचं कानावर आलं, तर डॅडी स्वतः जाऊन घेऊन येत. सरकारी शवागारात, तुरुंगात, कुठंही. मग रविवारी आजूबाजूच्या सगळ्या चर्चमधून वर्णन सांगितलं जाई: अमुक उंचीची, तमुक वयाची, कोणाची आहे का? बहुतेक वेळा कोणीतरी निघायचंच.

डॉक्टर होण्याचं माझ्या डोक्यात त्यांनीच भरवलं. "आपलं काम चांगलं आहे, बर्टी," ते म्हणायचे, "पण आपण नेहमी उशिरा पोचतो. घरातलं कोणीतरी आधी पोचायला हवं."

मी कॉलेज संपवलं ते एकाहत्तर साल. त्याच्या थोडं आधी देशभर आम्हा काळ्यांच्या वस्त्यांत रस्ते पेटले होते आणि आमच्या शहरातल्या मेडिकल कॉलेजला एकाएकी आमची आठवण झाली होती. तोवर आमची माणसं तिथं मागच्या फाटकानं जायची, झाडायला, रांधायला, नाहीतर धर्मादाय वॉर्डात मरायला. आता ते दरवर्षी आमच्यातली एक-दोन मुलं घेणार होते. वर्तमानपत्रात तसं छापून आलं, आणि त्याखाली आठवडाभर लोकांची पत्रं: लायकी नसलेल्यांना जागा दिल्या तर उद्या ऑपरेशनच्या टेबलावर आमचं काय होणार?

मला मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा सगळी गल्ली मला शिकवायला बसली. आईनं निळ्या कापडाचा सूट शिवला. तो अंगावर बेतताना सिस्टर रोझेटा खुर्चीत बसून सूचना देत होती.

"त्यांनी विनोद केला तर हस, बेबी. पण दात दाखवून नको."

"मग काय ओठ शिवून हसू दे तिला?" तोंडातल्या टाचण्या सांभाळत आई म्हणाली.

"आणि बिस्किटं दिली तर एकच घे. दोन घेतलीस तर म्हणतील भुकेली आहे, एकही नाही घेतलीस तर म्हणतील मिजास आहे."

"आणि प्रश्न विचारले तर?" मी विचारलं.

"प्रश्नांचं तू बघ. मला काय कळतंय त्यातलं?"

मुलाखतीच्या खोलीत भिंतीभर म्हाताऱ्या डॉक्टरांची चित्रं होती आणि टेबलाभोवती त्यांच्यासारखेच दिसणारे जिवंत डॉक्टर. टोकाला आमचे डॉक्टर पेटिफर्ड बसले होते. आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या नाडीवर त्यांचा हात पडलेला. समितीवर आमच्यातले ते एकटेच. त्यांनी मला ओळख दाखवली नाही, मीही नाही. मधोमध डॉक्टर स्टॉफर बसले होते, शरीररचना विभागाचे प्रमुख. गोड बोलणारा, गुलाबी गालांचा माणूस.

"अल्बर्टा," ते म्हणाले, "तुझे गुण तर छान आहेत. अगदी छान." मग शेजारच्याकडे बघून, "कुठल्या कॉलेजचे म्हणालात?" त्यानं आमच्या लोकांच्या त्या कॉलेजचं नाव घेतलं. "हां, हां," स्टॉफर म्हणाले, आणि माझे छान गुण जागच्या जागी अर्धे झाले.

मग एकानं विचारलं, नर्सिंगचा विचार केला होता का? दुसऱ्यानं विचारलं, लग्न कधी करणार? तिसरा म्हणाला, "तुझ्या वडिलांचा धंदा चांगला चालतो असं दिसतं. तो का सोडायचा? तिथलं गिऱ्हाईक तक्रार तरी करत नाही." सगळे हसले. मी दात न दाखवता हसले. शेवटी स्टॉफर खुर्चीत पुढं सरकले. "गेल्या वर्षी तुमच्यातला एक मुलगा आम्ही मोठ्या आशेनं घेतला. नाताळाच्या आत सोडून गेला. जागा फुकट गेली. म्हणून काळजीनं विचारतो, तुला झेपेल का?"

त्याच वर्षी गोरी मुलं किती सोडून गेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "झेपेल, सर."

त्या कॉलेजात एक प्रथा होती. मुलाखती झाल्या की उमेदवारांना शवविच्छेदनाची खोली दाखवायची. कोण कसा टिकतो ते कळतं म्हणे. आम्ही चौघं होतो, तीन मुलगे आणि मी. मुलग्यांमधला टेड हॅन्ली एका सर्जनचा मुलगा, उंचच उंच, सोनेरी केसांचा. दार उघडलं, स्टॉफरनी पहिली चादर बाजूला केली आणि टेड धाडकन खाली. दोघांनी त्याला उचललं, पाणी मारलं. स्टॉफर मोठ्यानं हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, तुझा बापही पहिल्या दिवशी असाच पडला होता!"

मी तोवर खोलीभर बघत होते. चादरींबाहेर हात-पाय दिसत होते. जवळजवळ सगळे आमचेच.

खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई होती. नुकतीच आणली असावी, कारण तिचे केस अजून काढले नव्हते. डोक्यालगत घट्ट घातलेल्या बारीक वेण्या, टोकांना पांढरा दोरा. एकही बट सुटलेली नाही. मागची वेणी स्वतःच्या हातानं अशी घालता येत नाही. कोणीतरी गुडघ्यांत तिचं डोकं धरून दुपारभर बसलं असणार. म्हणजे तिला कोणीतरी होतं. चादर तिच्या गळ्याखाली घसरली होती, ती मी वर ओढली. आणि डॅडींच्या दुकानात बोलावं तसं माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "सर, या बाईंचं नाव काय?"

"नाव?" स्टॉफर म्हणाले. "इथं नावं नसतात, बाळ."

"यांच्या वेण्या नवीन आहेत, सर. यांचं कोणीतरी यांना शोधत असेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. टेड भिंतीला टेकून ग्लासातलं पाणी पीत होता, तोही माझ्याकडे बघायला लागला. स्टॉफरच्या गालांचा गुलाबी रंग जरा गडद झाला. "चला," ते म्हणाले, "वरच्या मजल्यावर ग्रंथालय आहे."

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. डॅडींनी काटा खाली ठेवला.

"कुठल्या टेबलावर?"

"खिडकीजवळच्या."

"वय?"

"चाळिशीची असेल. डाव्या भुवईत जुना व्रण आहे."

"उद्या जातो," डॅडी म्हणाले. "आणि रविवारी सगळ्या चर्चमधून सांगायला लावतो."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, डॅडी टाय बांधत असतानाच, डॉक्टर पेटिफर्ड आले. आईनं कॉफी ठेवली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिची कड चाचपत राहिले.

"बर्टीचं अजून ठरलेलं नाही," ते म्हणाले. "स्टॉफर म्हणतात, मुलगी हुशार आहे पण भावनाप्रधान आहे. मन घट्ट नाही. मृतदेह बघून गडबडली."

"मी गडबडले?" मी म्हणाले. "तो पोरगा तर आडवा पडला!"

"तो संवेदनशील आहे. समितीच्या कागदावर हाच शब्द आहे. चांगला डॉक्टर होईल म्हणतात." पेटिफर्ड हसले, पण ते हसणं बघवेना. "मी दोन वर्षं त्या टेबलाच्या टोकाला बसतोय, ल्यूशस. आपलं पोर आलं की सगळे माझ्याकडे बघतात, जणू मी जामीन आहे. एरवी मला कोणी वेळसुद्धा विचारत नाही."

"बर्टीचं मग बघू," डॅडी म्हणाले. "मी निघालो होतो. त्या बाईला आणायला."

"त्यासाठीच आलोय. जाऊ नका."

आईच्या हातातली किटली तशीच राहिली.

"कायदा त्यांच्या बाजूनं आहे," पेटिफर्ड म्हणाले. "सरकारी शवागारातून आलेलं बेवारस प्रेत. तुम्ही गेलात, चर्चमधून सांगितलंत, तिचं माणूस निघालं, म्हणजे पेपरवाले येतील. मग ते विचारतील, बाहेर कोणी सांगितलं? बर्टीचं संपलं. आणि नुसतं तिचं नाही. म्हणतील, बघा, यांना दारातून आत घेतलं आणि यांनी काय केलं. हे दार उघडायला किती वर्षं गेली, तुम्हाला ठाऊक आहे. मी त्यांना सांगितलंय की तिला पुन्हा एकदा बोलवा. ती घाबरली होती म्हणून तसं बोलली, एवढं तिनं म्हणावं. बस."

"आणि ती बाई?"

"ती मेली आहे, ल्यूशस."

"माझी सगळी माणसं मेलेलीच असतात, डॉक्टर."

मग आई बोलली. आई कधी धंद्याच्या गोष्टीत पडत नसे. "ल्यूशस," ती म्हणाली, "जिवंत आधी. प्रवेशाचं पत्र हातात पडू दे. मग जा. ती बाई कुठं पळून जात नाही."

डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. ते मला विचारत होते की सांगत होते, हे मला अजून नक्की म्हणता येत नाही. मला ती जागा हवी होती. दुसरं काही हवं असण्याची सोय आमच्या घरात कधी नव्हतीच. डॅडींनी टाय सोडला, त्याची घडी केली आणि ते खाली कामाला गेले.

दुसऱ्या मुलाखतीला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी घाबरले होते, असं म्हणाले. स्टॉफरनी विचारलं, "आता तसा देह समोर आला तर पहिला प्रश्न काय विचारशील?"

"मृत्यूचं कारण, सर."

"शाबास!" ते खरंच खूश झाले. मला दारापर्यंत पोचवायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक लक्षात ठेव, अल्बर्टा. तुझ्यासाठी आम्ही एका चांगल्या मुलाला नाही म्हणतोय. आम्हाला खाली बघायला लावू नकोस."

पत्र मे महिन्याच्या शेवटी आलं. सिस्टर रोझेटानं ते चर्चमध्ये हातात उंच धरून नाचवलं. पाद्रीसाहेबांनी मला उभं केलं, लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पंख्याचा आवाज ऐकू येईना. टाळ्या थांबल्यावर डॅडी उठले. लोकांना वाटलं आभार मानतील. ते म्हणाले, "चाळिशीच्या आसपासची एक बाई. डाव्या भुवईत जुना व्रण. बारीक वेण्या, टोकांना पांढरा दोरा. कोणाची आहे का, विचारा. नदीपलीकडेही विचारा."

सोमवारी सकाळी ते काळा कोट घालून, गाडी धुऊन, कॉलेजात गेले. दुपारी परतले तेव्हा गाडीची मागची बाजू रिकामी होती. तो देह वसंतातच कामाला आला होता. उरलेलं इतरांबरोबर जाळलं. नोंदीत नाव नव्हतं, त्यामुळे राखही वेगळी ठेवली नव्हती.

त्याच आठवड्यात ती आली. नदीपलीकडून दोन बस बदलून आलेली, पोटऱ्या सुजलेली एक बाई. अंगावर हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्यांचा गणवेश होता. तिनं दारातच सांगितलं, "मी मिस व्हर्ना येट्स. माझी बहीण, कॉर्डेलिया. फेब्रुवारीत या बाजूला काम शोधायला आली होती. छातीत दुखायचं तिच्या. मी सगळी हॉस्पिटलं फिरले. कोणी दाद दिली नाही."

डॅडींनी तिला आतल्या चांगल्या खोलीत बसवलं, जिथं फक्त प्रेताची माणसं बसत. आईनं पाणी आणलं. मी दाराशी उभी होते.

"मिसेस की मिस?" डॅडींनी विचारलं.

"मिसेस. नवरा कोरियात गेला, लढाईत. मिसेस कॉर्डेलिया हॉल्कम." मग तिनं इकडेतिकडे बघितलं. "कुठं आहे ती?"

डॅडींनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. ती ऐकत होती आणि हातातल्या रुमालाची सुरळी करत होती.

"तिला बघितलं कोणी?"

"मी," मी म्हणाले.

"वेण्या होत्या?"

"होत्या."

"घट्ट होत्या ना?"

"एकही बट सुटली नव्हती."

"मी घातल्या होत्या," ती म्हणाली. "किती ओरडत होती. म्हणे, व्हर्ना, डोक्याची कातडी काढतेस का. मी म्हटलं, गप बस, कामावर ठेवणाऱ्या बायकांना नीटनेटकं लागतं." ती जरा हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कधी बघितलंस तू?"

माझ्याऐवजी डॅडी बोलले. "मार्चमध्ये."

"आणि चर्चमध्ये सांगितलंत गेल्या रविवारी."

"हो."

तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. आमच्या पाद्रीसाहेबांनी नदीपलीकडे निरोप पाठवताना दोन्ही बातम्या एकत्रच पाठवल्या होत्या. क्रचरांची मुलगी डॉक्टर होणार, आणि एका बाईचा शोध आहे. तिनं त्या दोन्ही एकीला एक जोडल्या, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मिस येट्स," डॅडी म्हणाले, "मला मिसेस हॉल्कम यांचा विधी करू द्या. पेटी नसली तरी. जे लागेल ते सगळं माझं."

ती उठली. "नको," ती म्हणाली. "आमच्याकडे बॅस्किन आहेत. ते करतील." बॅस्किन म्हणजे पलीकडच्या तीरावरचा डॅडींचा प्रतिस्पर्धी. दारू पिऊन अंत्ययात्रा चुकीच्या दफनभूमीत नेणारा, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी थप्पड नाही. दाराशी ती थांबली आणि मला म्हणाली, "नीट शीक हो, पोरी." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं. खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारा होता, केस काढलेला. माझ्या टेबलावर माझ्याबरोबर टेड हॅन्ली होता. आता तो पडत नसे. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं की त्याच्या एका मित्राची जागा माझ्यामुळे गेली, पण त्याचा माझ्यावर वैयक्तिक राग नाही. मी सुरी हातात घेतली. मी नाव विचारलं नाही.

नाताळाच्या परीक्षेत शरीररचनेत मी वर्गात पहिली आले. निकाल फळ्यावर लागला तेव्हा मुलं घोळक्यानं उभी होती. मला वाट करून देताना त्यांच्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही स्पर्धाच बरोबरीची नाही. तिचा बाप अंत्यविधीचं दुकान चालवतो. तिला घरातूनच फायदा मिळालाय."

रविवारी घरी जेवताना मी हे सांगितलं. सिस्टर रोझेटा आली होती. ती आणि आई इतक्या हसल्या की आईला डोळे पुसावे लागले. "फायदा!" सिस्टर रोझेटा टेबलावर हात आपटत म्हणाली. "अगं आयडेला, ऐकलंस का? या घराला फायदा झाला म्हणे!"

डॅडी हसले नाहीत. त्यांनी ताटलीतला रस्सा मक्याच्या पावानं पुसून घेतला, सावकाश चावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?"